सकाळी दार वाजवणारी माणसं

पाम, १८ जानेवारी २०२४

जमने,

संक्रांत होऊन गेली, तुला तीळगूळ पाठवायचा राहिला. तुझी वहिनी असती तर पार्सल करून मोकळी झाली असती. निमेश म्हणतो, मामा, आईला फोन करत जा. तुझ्या मुलाला कोण सांगणार? बोईसरच्या तारेच्या कारखान्यात माझा जन्म गेला आणि त्या मशिनींनी दोन्ही कान खाल्ले. फोनमध्ये मला नुसता डास गुणगुणतो. आपल्याला कागदच बरा.

बातमी वाईट आहे. तळ्याकाठची लाडकीकाकी गेली. मुलगे वसईला, ही घरात एकटी. गेली कधी ते कोणाला कळलंच नाही. दाराशी कुत्री बसायला लागली तेव्हा टेम्पोवाल्या रूपेशने कौलं काढून आत पाहिलं. तो खाली उतरला आणि रस्त्यावरच ओकला. मी तिचं तोंड पाहिलं नाही. कोणालाच पाहू दिलं नाही.

तेव्हापासून गावात एक नवं सुरू झालं आहे. आपल्या समोरच्या घरातली भावना आठवते का? बोईसरला औषधांच्या पॅकिंगमध्ये दुपारपाळी करते. तिने आणि गिरणीवाल्या मंगलाने मिळून काही माणसं जमवली. गावात जे म्हातारे एकटे राहतात त्यांच्याकडे रोज सकाळी कोणीतरी जायचं. दार वाजवायचं, गोळ्या घेतल्या का विचारायचं, डाळ-तांदूळ हवे तर आणून द्यायचे, दवाखान्यात न्यायचं. 

माझ्याकडे भावना येते. दार वाजवलेलं मला ऐकू येत नाही, म्हणून सरळ मागल्या दाराने आत. परवा मी पंचा गुंडाळून चुलीपुढे बसलेलो, वर बघतो तर ही उभी! मी ओरडलो. तिने पोरीची पाटी आणली होती, त्यावर लिहिलं, "काका, जिवंत हाय ना, बस." आणि गेली.

मी काय तुरुंगात आहे माझी हजेरी घ्यायला? वाडीतल्या नारळांवर कोणाचा डोळा आहे का तेही बघायला हवं. फुकट कोण कोणाचं करतं?

तू सुटलीस बाई. मुलगा, सून, लिफ्टचं घर. पायाची जखम भरली का ते लिही.

तुझा,
दादा


सुरत, २६ फेब्रुवारी २०२४

दादा,

नमस्कार. वाकता येत नाही, बसल्या जागेवरूनच करते.

उत्तराला उशीर झाला. किंजलच्या पर्समध्ये तुझं पत्र राहून गेलं होतं. नोकरी, पोरांच्या शाळा, तिची धावपळ बघवत नाही. जखम भरली. मी बरी आहे. गॅलरीत तुळस लावली आहे, दुपारी तिथे बसते, खालची वाहनं बघते.

लाडकीकाकीचं वाचलं. माझ्या लग्नात तिने मला हळद लावली होती.

दादा, भावनाशी भांडू नकोस. नारळ नेले तर नेऊ दे, तू ते कोणासाठी राखतोस? रोज सकाळी कोणीतरी आपलं तोंड बघायला येतं, ही साधी गोष्ट नाही. इथे माझ्या ओळखीची एक बाई आहे. तिच्या खोलीत दिवसातून चारदा माणूस येतं. ते चादर बघतं, बाटली बघतं, औषध तोंडात घालतं. तिच्याकडे बघत नाही. ती म्हणते, एखाद दिवशी मी उशीला टोपी घालून झोपवली तर ते उशीलाही औषध पाजतील.

तू भावनाला चहा विचार. तुला चहा चांगला करता येतो.

जमना


पाम, ९ जुलै २०२४

जमने,

पडलो.

मे महिन्याच्या शेवटी, मोरीत. पाय सरकला आणि कंबर दगडावर आपटली. उठता येईना. ओरडत राहिलो, पण आपलं ओरडणं आपल्यालाच ऐकू येत नसलं की माणसाला वाटतं, आवाज निघतच नाही. छताकडे बघत पडलो आणि लाडकीकाकी डोळ्यांपुढे आली. कुत्री आली. मग भावनाचे पाय दिसले.

रूपेशच्या टेम्पोत गादी टाकून मला बोईसरला नेलं. हाड चिरलं आहे म्हणाले, पडून राहायचं. भावनाने विचारलं, तिथेच राहता का? मी म्हटलं, घरी ने. मरायचं तर आपल्या छपराखाली.

तेव्हापासून पलंगावर आहे. वाडीच्या टोकाला कमळी राहते, जव्हारकडची, तिने माझी भाकरी-भाजी उचलली. मंगला रात्रीचं पिठलं नाहीतर आमटी पाठवते. आणि अंघोळ रूपेश घालतो.

तुला म्हणून सांगतो. पहिल्या दिवशी मी त्याला आईवरून शिवी दिली. या वयात परक्या माणसाने आपलं सगळं धुवायचं! त्याने पाटी उचलली आणि लिहिलं, "शिव्या द्या काका, पण हात वर करा." मी हात वर केले. त्याने स्वतःच्या बापाचं करावं तसं, घाई न करता, काखा धुतल्या, पाठ धुतली. मी डोळे पुसले तर त्याला वाटलं साबण गेला. वाटू दिलं.

सगळे देव नाहीत हो. एक दिवस कोणीच आलं नाही, दोघांकडे लग्नं होती. मी तसाच पडून राहिलो. संध्याकाळी मंगला आली, नाकाला पदर लावला, मग पदर खोचला आणि कामाला लागली. मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

तुझं पत्र बरेच दिवस नाही. निमेश तिकडे फिरायला वगैरे नेतो ना?

दादा


सुरत, २ सप्टेंबर २०२४

दादा,

तुझं पत्र मला आत्ता मिळालं. तू पडलास आणि मला तीन महिने पत्ता नाही. आपण भावंडं आहोत की दूरचे पाहुणे?

तू लाजू नकोस. लाज अंगाला नसते, दादा, बघणाऱ्याच्या डोळ्यांत असते. रूपेशच्या डोळ्यांत ती नाही, मग तू कुठून आणलीस? त्या मुलाला माझा आशीर्वाद सांग. त्याची आई कोण? मी ओळखत असेन.

इकडे पाऊस फार. निमेशचं बरं चाललं आहे. मोठ्या पोराला गणितात बक्षीस मिळालं. मी खाऊन-पिऊन सुखी आहे, साखर ताब्यात आहे. सकाळी चालते.

कधी कधी दुपारी डोळा लागतो तेव्हा आपल्या विहिरीचं रहाटगाडगं ऐकू येतं. जागी झाल्यावर कळतं की पलीकडच्या म्हातारीचा श्वास आहे.

घंटा झाली. पुढचं मग लिहीन.

जमना


पाम, २१ नोव्हेंबर २०२४

जमने,

तुझ्या पत्रातली घंटा माझ्या डोक्यातून जाईना. घरात घंटा कसली? पलीकडची म्हातारी कोण? मी काठी धरून चालायला लागलो तसा पोस्टात जाऊन तुझ्या जुन्या पत्रांच्या पाकिटांवरचा शिक्का दाखवून आलो. पोस्टातली मुलगी म्हणाली, सुरतच आहे, एवढंच कळतं.

दिवाळीनंतर भावना तिच्या नणंदेच्या लग्नाच्या साड्या घ्यायला सुरतला निघाली. मी तिच्याजवळ वाडीतले चिकू आणि तुझ्यासाठी तांदळाचे पापड दिले. मुद्दाम सांगितलं, हातात दे, बसून बोल, तिची गॅलरी बघून ये.

ती परत आली तेव्हा पाटी घेतली आणि काही लिहिलंच नाही.  मी म्हटलं, गेली का माझी बहीण? तेव्हा तिने लिहिलं.

निमेशच्या घरी गॅलरी आहे, तुळस आहे, तू नाहीस. वर्ष झालं. शहराबाहेर वृद्धांची जागा आहे, तिथे तू आहेस. किंजलने भावनाला तिथे नेलं. वाटेत गाडीत किंजल रडली म्हणे. जागा स्वच्छ आहे, जेवण वेळेवर आहे, असं भावनाने दोनदा लिहिलं. मी विचारलं, जमना कशी आहे? तिने लिहिलं, "आत्या हसत होत्या." मी पाटी पुसून टाकली.

माझ्याशी खोटं बोललीस. मी तुला अंघोळीची लाज लिहिली आणि तू मला तुळस लिहिलीस.

बस झालं. तू इकडे ये. घर बापाने दोघांसाठी ठेवलं आहे. शाळेच्या पडवीत आमच्या माणसांची बैठक बसते, तिथे मी जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं, माझ्या बहिणीला आणायची आहे. भावनाने मान हलवली. मंगला उठली. ती काय बोलली ते भावना पाटीवर लिहीना, पण मंगलाचं तोंड मला वाचता येतं. "काका, आमी आदीच धापा टाकतो. दोगी तर वसईला निगून गेल्या. तुमी एक जरा उठले, लगेच दुसरी आणता? आमाला घरं नाय का?"

तिचं खोटं नाही. मी म्हटलं, मी आता चालतो. तिचं मी करीन, तुम्ही माझं बघता तेवढंच बघा. खूप बोलणं झालं, मला त्यातलं काही कळलं नाही. शेवटी भावनाने पाटी धरली: "आणा."

थंडी पडली आहे. कमळीने परवा मडक्यात कंद-पापडीची उकडहंडी लावली होती. तुझ्याशिवाय खाल्ली, पण गोड लागली नाही.

कधी येतेस ते लिही.

दादा


सुरत, २० डिसेंबर २०२४

दादा,

रागावलास, बरं वाटलं. इथे माझ्यावर कोणी रागवत नाही.

निमेशला दोष देऊ नकोस. तो रोज मुंबईकडे जातो, किंजल दवाखान्यात नोकरी करते. मला उचलताना तिची कंबर गेली, ती पोर महिनाभर पट्टा बांधून भात शिजवत होती. मी त्यांना म्हटलं, मला कुठेतरी ठेवा. मी म्हटलं, दादा. त्यांनी मला हाकललं नाही. त्यांनी फक्त पटकन हो म्हटलं. ते पटकन म्हणणं लागलं, बाकी काही नाही.

तू विचारशील, उचलायचं कशाला? तुझी बहीण चालते ना सकाळी?

माझा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. ती जखम भरली नव्हती, काळी पडत गेली. तुझ्या संक्रांतीच्या पत्राआधीच्या नवरात्रात कापला. भावनाने पाहिलं. मीच तिला तिच्या लेकीची शपथ घातली होती, काकांना सांगू नकोस म्हणून. तिला बोलू नकोस.

तुला का नाही सांगितलं? तू लिहिलं होतंस, तू सुटलीस बाई. मला वाटलं, जगात एका तरी माणसाच्या मनात मी सुटलेली असू दे.

आता तूच सांग, मी कशी येऊ? तू काठीवर, मी खुर्चीवर. मला शी-शूला न्यायला माणूस लागतं. मंगलाचं बरोबर आहे. दमलेल्या माणसांच्या पाठीवर आणखी एक म्हातारी नको. त्यांनी तुझंही टाकलं तर?

तू मधून मधून पत्र लिही, तेवढं पुरे.

जमना


पाम, १६ जानेवारी २०२५

जमने,

एक पाय गेला म्हणून माहेर जात नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग वाडीत जाऊन बसलो. कमळी बघायला आली, परत गेली. नंतर मी पत्र भावनाला दाखवलं, मंगलालाही. विचारायचं होतं म्हणून नाही, खोटं सांगून कोणाला घरात आणायचं नाही म्हणून. मंगलाने वाचलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या सासूची चाकाची खुर्ची तिने ओढत आणून ओट्यावर ठेवली. गंजली आहे. मी तेल घालतो आहे.

रूपेश आणि मी पायऱ्या फोडून उतार करतो आहोत, खुर्ची सरळ पडवीत यावी म्हणून. सिमेंट त्याने टाकलं, रोज पाणी मी मारतो. मधल्या खोलीत तुझी खाट. कमळी म्हणते, बाईमाणसाचं मी बगीन, तुमी मदे येऊ नका. भाताच्या पेरणी-आवणीला ती गावी जाते, तेव्हाचं तेव्हा बघू.

निमेशला मी पत्र टाकलं आहे. त्याचं उत्तर आलं, "मामा, लोक काय म्हणतील?" त्याला लिहिलं, लोकच तर तिला सांभाळणार आहेत, त्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

उन्हं तापायच्या आत, होळीआधी आम्ही येतो. रूपेशच्या टेम्पोत गादी टाकून.

पुढचं पत्र लिहूच नकोस. समोर बसून बोल, मी तोंड बघेन.

दादा


पाम, २४ फेब्रुवारी २०२५

जमनाआत्यांस,

भावनाचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. तुमची काकांना आलेली पत्रं बघून लिहिते आहे. आत्या, तुमच्याजवळ कोणी असेल तर त्यांना जवळ बसवा आणि मग पुढचं वाचा.

बळवंतकाका गेले. पाच तारखेला सकाळी. मी नेहमीच्या वेळेला मागच्या दाराने आत गेले. काका पडवीत खुर्चीवर बसलेले, समोर उताराला पाणी मारून झालेलं, सिमेंट ओलं होतं. मला वाटलं बघत बसलेत. पाटी समोर धरली, तर नजर हलली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल.

आमी वेळेवर गेलो होतो, आत्या. आमच्यात कोणी चुकलं नाही. वेळेवर जाऊनही माणूस जातं, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, आपण रोज दार वाजवतो म्हणजे आपण राखतो.

मी लगेच निमेशदादांना फोन केला. ते आले, अग्नी त्यांनीच दिला. केस उतरवले. जाताना म्हणाले, "आईला मी सांगतो, तुम्ही नका कळवू, तिला सोसणार नाही." आज किंजलवहिनींशी बोलले तर त्यांनी विषय बदलला. मला वाटतं तुम्हाला सांगितलेलं नाही. चूक होत असेल तर माफ करा. माझा भाऊ असता तर मला कळायला पाहिजे होतं, असं वाटलं.

आता दुसरं. आमची बैठक झाली. काही जण म्हणाले, शब्द काकांना दिला होता, तो काकांबरोबर गेला. मंगलाकाकी म्हणाल्या, "शब्द खुर्चीसकट दिलाय, ती काय परत नेऊ?" त्यावर भांडण झालं, एक घर आमच्यातून निघालं. आमी आता थोडेच उरलो. खरं लिहिते. कमळी घरात झोपेल. सकाळी आमच्यातलं कोणी येईल. दुपारचं सांगू शकत नाही, माझी पाळी असते. पावसाळ्यात कमळी गावी जाईल तेव्हा काही दिवस तुम्हाला खूप वेळ एकटं राहावं लागेल. काका होते तसं आता होणार नाही.

हे सगळं कळूनही यायचं असेल तर रूपेश टेम्पो घेऊन यायला तयार आहे. नको असेल तर आमी वाईट मानणार नाही. मधल्या खोलीत खाट घातलेली आहे.

भावना


सुरत, ११ मार्च २०२५

भावना बेटा,

तुझ्या पत्रातूनच कळलं. 

निमेश मधल्या काळात दोनदा येऊन गेला, संत्री घेऊन. डोक्यावर टोपी होती. मी म्हटलं, एवढ्या उकाड्यात टोपी कशाला रे? तो म्हणाला, केस फार गळतात आई, लाज वाटते. मी त्याला खोबरेल तेल लावायला सांगितलं. माझ्या भावाला अग्नी देऊन आलेल्या मुलाला मी तेल सांगत बसले.

तू लिहिलंस ते बरं केलंस. मला सोसलं. न सोसून काय करणार?

चार दिवस विचार केला. दादा नाही, मग त्या घरात कोणासाठी जायचं? इथे छप्पर आहे, घंटा आहे, पडले तर उचलतात. तिथे तू मला एकटेपण कबूल करते आहेस. पण इथे कोणी मला काहीच कबूल करत नाही. मी विचारलं की सगळं "हो, हो माजी" असतं. तुझं "सांगू शकत नाही" वाचलं आणि वाटलं, हे माणूस बोललं माझ्याशी.

निमेशला काल बोलावून घेतलं. टोपी काढ म्हटलं. काढली. मग दोघं रडलो. मला इथून सोडायच्या कागदावर तो सही करणार आहे.

या. गादी जाड आणा, माझी हाडं टोचतात.

जमनाआत्या


पाम, ३० जुलै २०२५

प्रिय किंजल,

तुझं पत्र मिळालं. तुला डहाणूच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्याचं भलं होवो, नाहीतर मी कोणाशी लिहिलं असतं? तू विचारतेस, आई, खरं सांगा, कशा आहात, परत येता का? खरंच सांगते. तुळस लावून पत्र लिहायचे दिवस गेले.

कमळी आवणीला गावी गेली आहे. तिच्या मागे पहिल्या आठवड्यात एक दिवस असा गेला की सकाळी भावना येऊन गेली त्यानंतर अंधार पडेपर्यंत कोणी नाही. पाऊस असा की रस्ता दिसेना. मी ओली झाले आणि ओलीच बसले. माशा बसत होत्या, एक हात माशा हाकलायला आणि एक खुर्ची धरायला. त्या दिवशी मला तुमच्या त्या जागेची आठवण आली, नाही म्हणत नाही. मंगला आली तेव्हा मी तिला नको ते बोलले. ती पण बोलली, "आमी नोकर नाय, आत्या."  तिने मला पुसलं, कोरडं नेसवलं, भात कालवून दिला. दुसऱ्या दिवशी ती परत आली. मी माफी मागायच्या आत म्हणाली, "रातचं जाऊ द्या."

आता मला एक काम दिलं आहे. माणसं कमी पडतात, सगळीकडे सकाळी जाता येत नाही. माझे कान चांगले आणि आवाज मोठा. म्हणून भावनाने फोन आणून दिला. रोज सकाळी मी एकेकाला लावते. उठलात का, गोळी घेतली का, जेवायला काय. जो उचलत नाही त्याच्याकडे माणूस पाठवायचं.

तळ्यापलीकडे आत्माराम म्हणून आहेत. दांडीच्या किनाऱ्यावर त्यांची होडी होती, आता डोळे गेले, बायको गेली. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "मेलो की कलवीन, तू कशाला इचारते?" मग रोज वाट बघायला लागले. मी बाजारात काय मासळी आली ते मंगलाला विचारून ठेवायचे आणि त्यांना सांगायचे. बोंबील म्हटलं की पलीकडून हसू यायचं.

गेल्या आठवड्यात त्यांनी फोन उचलला नाही. परत लावला, परत लावला. भावनाला लावला तर ती बदली पाळीवर गेलेली. रूपेश बोईसरला पाण्यात अडकलेला. मंगला तापाने पडलेली. पाठवायला कोणी नाही. मी खुर्ची ढकलत उतारावरून खाली आले आणि चिखलात चाक रुतलं. तिथूनच रस्त्याकडे ओरडायला लागले. आमच्या रस्त्याने कारखान्याची माणसं जातात, पावसात डोकी खाली घालून. बरेच गेले. शेवटी एक सायकलवाला थांबला, चाळिशीचा असेल, डोक्यावर प्लास्टिक. "क्या हुआ माई, गिर गयी?" मी म्हटलं, मी नाही, तिकडे तळ्यापलीकडे, निळं दार, दरवाजा तोड दो. त्याने सायकल तिथेच टाकली आणि पळाला.

आत्माराम जमिनीवर होते. अर्धं अंग गेलेलं, पण जीव होता. त्या माणसाने आणखी दोघांना हाका मारून त्यांना बाजल्यावर घालून मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. ते वाचले.

सगळ्यांनी मला शाबासकी दिली. परवा त्यांचा मुलगा ठाण्याहून गाडी घेऊन आला. दवाखान्यातून परस्पर नेणार होता, पण आत्माराम ऐकेनात, घर दाखवा म्हणून. दहा मिनिटं आणलं. मी पण गेले, रूपेशने खुर्ची ढकलली. मुलगा वाईट नाही, त्याच्याही डोळ्यांना पाणी होतं. पण गाडीकडे नेताना आत्मारामांनी चांगल्या हाताने घराच्या दाराची चौकट धरली आणि सोडेनात. मुलाने एकेक बोट सोडवलं. मी जवळ गेले, म्हटलं, मी जमना. त्यांचं तोंड वाकडं झालंय, शब्द नीट फुटत नाहीत. तरी मला कळलं.

"तू फोन कराया नको होता."

किंजल, मी घरी येऊन जेवले नाही. दादा असता तर त्याला विचारलं असतं, मी त्यांना वाचवलं की घालवलं? भावनाला विचारलं. ती म्हणाली, मला नाय ठाऊक, आत्या. मंगला म्हणाली, पडून कुजले असते ते बरं होतं का? दोघींचंही मला पटलं आणि दोघींच्या बोलण्यानेही झोप लागली नाही.

त्यांचं तोडलेलं दार रूपेशने ठोकून बसवलं, ते आता कुलपात आहे.

तो सायकलवाला कामावर जाताना कधी कधी थांबतो. "माई, ठीक?" म्हणतो आणि जातो. नाव अजून विचारलेलं नाही.

मी परत येणार नाही. निमेशला सांग, राग नाही. तू रजा मिळाली की पोरांना घेऊन ये. कंबरेचा पट्टा आणायला विसरू नकोस, इथे तुला मला उचलायचं नाही, तरी आण.

उद्या सकाळी मी पुन्हा फोन लावणार आहे. ज्याला मी नको असेन त्याने मला नको म्हणावं, शिवी द्यावी. पण उचलावं.

तुझी,
आई